शेवटच्या पानानंतर

माझ्या दुसऱ्या कादंबरीची नवी आवृत्ती काढावयाची आहे, काही फेरफार करावयाचे असल्यास दिवाळीपूर्वी कळवावे, असे प्रकाशकांचे पत्र आषाढात आले. अशा पत्राने लेखकाला आनंद व्हावा, मलाही झाला. पण कपाटातून पुस्तक काढून शेवटचे प्रकरण वाचू लागले आणि वाचता वाचता मनात शरमले. म्हणून संपादकांनी यंदा कथा मागितली असता मी त्यांना हा लेख देत आहे. मी टीकाकार नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, नोकरी बालवाडीत. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर मत देण्याचा अधिकार मला नसेलही. पण स्वतःच्या पुस्तकावर टीका करण्याचा अधिकार कोणी नाकारणार नाही. तेवढ्या आधारावर चार शब्द लिहिते.

त्या कादंबरीची नायिका निर्मला. तिला स्तनाचा कर्करोग होतो. अडीचशे पानांत ती रडते, चिडते, देवाशी भांडते, शस्त्रक्रियेला सामोरी जाते, केस गळालेल्या डोक्याला पदर गुंडाळून आरशासमोर उभी राहते. आणि शेवटच्या प्रकरणात, ऐन धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, रिक्षातून उतरून आपल्या दारात पणती लावते. कादंबरी संपते. परीक्षणांत या शेवटाचे कौतुक झाले. 'आशावादी', 'जीवनावर श्रद्धा ठेवणारा' असे शब्द आले. मीही ते शब्द मनाशी घोळवले.

त्याच सुमारास एका अनोळखी वाचक बाईंचे पत्र आले. अक्षर वेडेवाकडे, ओळी उतरत्या. त्यांनी एवढेच विचारले होते : "निर्मला घरी आली, फार बरे झाले. पण पाडव्याला ओवाळून झाल्यावर पाटावरून उठताना तिने कोणत्या हातावर जोर दिला? आणि दुसऱ्या दिवशी पाणी कोणी भरले?" मला हा प्रश्न जरा खुळचट वाटला. मी उत्तर पाठवले की, ते आम्ही वाचकांच्या कल्पनाशक्तीवर सोपवले आहे.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. त्यानंतर चार वर्षांनी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तोच रोग मला झाला. उजवी बाजू. शस्त्रक्रिया, केमो, किरणांचे उपचार, सारे यथासांग पार पडले. डॉक्टर मंडळींनी आपले काम चोख केले म्हणूनच मी आज लिहिते आहे, हे आधी कृतज्ञतेने नोंदवते. मीही निर्मलेसारखी रिक्षातून घरी उतरले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्या कादंबरीप्रमाणे तेथे सारे संपावयास हवे होते. प्रत्यक्षात तेथून सुरू झाले.

काय सुरू झाले, ते सांगितल्याखेरीज पुढची टीका समजावयाची नाही. या रोगात पुष्कळदा काखेतल्या ग्रंथीही काढाव्या लागतात. शरीरातला एक पातळ द्रव, लसिका, या ग्रंथींतून आणि तेथल्या बारीक वाहिन्यांतून वाहून जात असतो. ती वाट तुटली, वर किरणांनी तेथील कातडी व स्नायू आखडले, की तो द्रव हातात साठू लागतो आणि हात सुजतो. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीच्या वाट्याला हे येते. हल्ली शक्य तेथे आरंभीच्या एकदोन ग्रंथी तपासून थांबतात, त्यामुळे हे प्रमाण बरेच उतरले आहे. सूज लगेच येते असेही नाही. महिन्यांनी येते, वर्षांनीही येते. ती आटोक्यात राहते, पण बहुधा कायमची जात नाही. हाताला दिवसभर दाबाची घट्ट बाही घालावयाची, ठरावीक व्यायाम, हलक्या हाताने विशिष्ट दिशेला मालीश, कातडीला ओरखडा पडू न देणे, असा हा संसार आहे. वैशाखाच्या उकाड्यात ती बाही घालून एकदा बालवाडीत बसून पाहावे, म्हणजे संसार हा शब्द मी का वापरला ते कळेल.

केमोतील काही औषधांनी हातापायांच्या बोटांतल्या नसा दुखावतात. पुष्कळांच्या बाबतीत त्या हळूहळू सावरतात; काहींची बोटे बधिरच राहतात. माझी राहिली. पाळी त्याच वर्षी गेली. रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी. तिची मुदत पाच वर्षे, कित्येकींना दहा. त्या गोळीने रोग उलटण्याचा धोका खरोखरच कमी होतो, म्हणून ती मी एक दिवसही चुकवत नाही. पण भर थंडीत अंगातून वाफा निघून रात्री झोप उडते ती तिच्याच पायी. दुसऱ्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या माझ्या ओळखीच्या बाईंना सकाळी बोटांची मूठ वळत नाही आणि हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून वेळोवेळी तपासणी करावी लागते. शिवाय झोपेने न जाणारा थकवा. आणि शब्द हरवणे. बोलता बोलता 'विळी' हा शब्द आठवेना म्हणून मी स्वयंपाकघरात उभी राहून बोटाने तिचा आकार काढून दाखवला आहे. हे इतरांना गमतीचे वाटते. ज्या बाईचे सारे भांडवल शब्द हेच आहे, तिला ते कसे वाटत असेल?

आता टीकेकडे वळते. आजारपणाविषयी आपण जे वाचतो, पाहतो, त्याचे दोनच शेवट ठरलेले आहेत : मरण किंवा विजय. १९७१ सालचा 'आनंद' आम्ही किती वेळा पाहिला आणि रडलो! तो चित्रपट थोरच. पण त्यातील रोगी हसतमुखाने मरावयासच जन्मला आहे. दुसरा शेवट मी स्वतः लिहिला. वर्तमानपत्रांची भाषाही याच दोन टोकांची. रोगी गेला तर 'कर्करोगाशी झुंज अपयशी', राहिला तर 'कर्करोगावर मात'. जणू गेलेल्याने झुंजण्यात कसूर केली आणि उरलेल्याच्या दारावर कायमचे तोरण लागले! १९७८ साली अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी याच लढाईच्या भाषेविरुद्ध एक छोटे पुस्तक लिहिले. रोग म्हणजे रोग. त्याला रूपक करू नका, हे त्यांचे सांगणे. आपल्याकडेही अग्रलेखांत भ्रष्टाचाराचा कर्करोग, जातीयतेचा कर्करोग सर्रास सापडतो. तो वाचताना आमच्यासारखीला काय वाटते याचा विचार लिहिणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. पण त्या पुस्तकाची एक गोष्ट मला चुटपूट लावून गेली. सोंटॅगबाईंना स्वतःला १९७५ साली स्तनाचा कर्करोग झाला होता, आणि सबंध पुस्तकात त्याचा उल्लेख नाही. विचार लखलखीत आहे. मात्र ज्या देहावर तो बेतला, तो देह पडद्यामागेच राहिला.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवून, कोश उघडा ठेवून, मी ही पुस्तके वाचली. त्यांत सर्वांत जुने लेखन फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्तीचे. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये तिचा स्तन कापून काढला. भूल देण्याची विद्या तेव्हा तेथे नव्हती. थोडेसे मद्य पाजले आणि तोंडावर तलम रुमाल टाकला, इतकेच. पुढे तिने बहिणीला लांबलचक पत्र लिहून त्या वीस मिनिटांचे वर्णन केले. ते वाचताना माझ्या मुलीने मध्येच पुस्तक मिटले. लोक त्या वर्णनासाठी ते पत्र वाचतात. मला मात्र तिने ओझरते सांगून टाकलेली एक गोष्ट अधिक मोलाची वाटली : नऊ महिने उलटल्यावरही ते सारे लिहिताना तिचे डोके दुखू लागते, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य तिला होत नाही. त्यानंतर ती १८४० पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली. वीस मिनिटांसाठी पत्रभर जागा, आणि नंतरच्या देहासाठी एवढीच ओळ! साहित्याचे हे प्रमाण तेव्हापासूनचे आहे.

या प्रमाणाला पहिला जोराचा धक्का दिला ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीने. १९७८ मध्ये तिची शस्त्रक्रिया झाली. १९८० मध्ये तिने आपल्या रोजनिशीतली पाने आणि निबंध प्रसिद्ध केले. इस्पितळात एक परोपकारी बाई येऊन तिला लोकरीचा खोटा स्तन देऊन जाते. पुढे ती तो न लावता डॉक्टरांच्या दवाखान्यात जाते, तेव्हा तेथली परिचारिका सुचवते की, असे येण्याने इतरांचे मनोधैर्य खचते. लॉर्डबाई विचारतात, मी पूर्ववत दिसावे ही गरज कोणाची? माझी, की पाहणाऱ्यांची? खोटा अवयव लावावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मी लावते, कारण मला त्याने मोकळे वाटते. पण 'काही झालेच नाही असे दिस' हा जो धाक असतो, त्याचे नाव तिने उच्चारले. आमच्या घरी तो धाक फार मायेने बोलतो. सासूबाई म्हणतात, "आता बरी झालीस ना? मग हाताचे कशाला मनावर घेतेस?" त्यांचा त्यात काही दोष नाही. 'बरे होणे' या शब्दाला आपल्या भाषेत मधली पायरीच नाही.

तिसरे पुस्तक अॅन बॉयर या कवयित्रीचे, २०१९ सालचे; त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. ही बाई माझ्यासारखीच शिकवण्याची नोकरी करणारी. दोन्ही स्तन काढल्यानंतर अवघ्या दहा दिवसांत, हाताशी रजा नाही म्हणून, जखमेतील पाणी वाहून नेणाऱ्या पिशव्या अंगाला तशाच ठेवून, तिला वर्गावर उभे राहावे लागले. पुस्तके उचलावयास मैत्रिणी. येथे आजार पलंगावरून उठून पगारपत्रकापर्यंत येतो. केवळ मनाच्या उभारीच्या गोष्टी सांगणाऱ्या पुस्तकांना जे कधी दिसत नाही, ते तिला दिसले : कोणाजवळ रजा आहे, कोणाजवळ माणसे आहेत, कोणाजवळ बाही विकत घेण्याचे पैसे आहेत, यावरही 'बरे होणे' ठरत असते.

मराठीत असे काही नाही असे म्हणावयास जीभ धजत नाही. २००४ सालच्या 'श्वास' या चित्रपटाची आठवण येते. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी गमावलेला लहानगा परश्या जिवंत राहतो, आणि आजोबांबरोबर आपल्या गावी परततो. त्याला मरण नाही आणि विजयही नाही. पुढची सारी वाट अंधारातून आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. आणि तरी ती वाट आहे, हेही. मला तो शेवट माझ्या पणतीपेक्षा कितीतरी सच्चा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, बाई, कथेला कोठेतरी थांबावेच लागते. रोज घट्ट बाही घालणे, रोज गोळी घेणे, यात नाट्य ते काय? आणि सणासुदीला अंक हाती घेणाऱ्या वाचकाला असले काही कशाला वाचावयास द्यावे? पहिला आक्षेप मोठा आहे. नाट्य नाही हे खरेच. पण नाट्य नसलेल्या जिण्याला शब्द देण्याची विद्या आपल्याला परकी आहे का? जात्यावर बसलेल्या बायकांनी तेच तर केले. दळण रोजचे, शेवट नसलेले. एक ओवी संपते तोवर दुसरी मूठ जात्यात पडते. त्या गाण्याला परमोच्च बिंदू नाही, म्हणून ते कोणाला कमी वाटले नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३० च्या दशकात आली. त्यांतही दुःखाचे डोंगर आहेत, पण बाई प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी चूल मांडून, हसत हसत, दुसऱ्या दिवशीचे सांगतात. दुसऱ्या दिवशीचे सांगणे हीच ती विद्या. ती आमच्या घरात असून मी शेवटचे पान सजवण्यासाठी पणती आणली, हा माझ्या कादंबरीचा मुख्य दोष आहे. निर्मलेचा देह मला केवळ संकटापुरता हवा होता. संकट सरताच मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर अनुभवाने देते. माझा हात प्रथम सुजला तेव्हा मी ते चार महिने कोणाला सांगितले नाही. बांगड्या चढेनात; त्या काढून ठेवल्या. पोलक्याची उजवी बाही उसवून सैल केली. वाटले, एवढ्या मोठ्या दुखण्यातून वाचले, आता हाताची कुरकूर करणे म्हणजे कृतघ्नपणा. इस्पितळात मला सूचनांचा कागद दिला होता. त्या दिवसांच्या गर्दीत तो डोक्यात शिरला नाही. पण गोष्टी डोक्यात शिरतात आणि राहतात. एखाद्या कथेतल्या बाईचा हात सुजलेला मी वाचला असता, तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले असते; आणि सूज आरंभीच ओळखली तर ती आवरणे पुष्कळ सोपे असते. हात एकाएकी लाल, गरम होऊन ताप भरला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हेही मला ताप भरल्यावरच समजले. उलट ऐकीव भीतीने मी हात वापरणेच सोडले होते. या हाताने कधीही जड उचलू नये, असे पूर्वी सर्वत्र सांगत. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, जाणकाराच्या देखरेखीखाली, बाही घालून, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढत नाही, हात बळकट होतो. मला ते फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवले, तेव्हा मी वर्षभराने प्रथम फळ्यावर हात उंच करून 'अ' काढला. म्हणजे, न लिहिण्यानेही माणसाचे नुकसान होते. लेखकाचे मौन निरुपद्रवी असते असे कोणी समजू नये.

आणि सणाचे म्हणाल, तर हे दुखणे सणालाच अधिक उघडे पडते. गेल्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या माझ्याने फिरेना. हे न बोलता आत आले आणि सोऱ्या फिरवू लागले. पहिल्या दहाबारा चकल्यांची वेटोळी पाहून जाऊबाई खुर्चीवर बसून हसल्या. मग आम्ही सगळेच हसलो. रांगोळी मात्र मला हसण्यावारी नेता आली नाही. बधिर बोटांना चिमटीत रांगोळी आहे की नाही तेच कळत नाही. डोळ्यांनी पाहावे लागते. ठिपके मुलीने दिले, रेषा मी जोडल्या. शेजारणीने विचारले, "रांगोळी यंदा मुलीने काढली वाटते?" मी "हो" म्हटले, आणि त्या एका "हो"ने दिवसभर मनाला टोचणी लागली. येथे विजयही नाही आणि पराभवही नाही. पण सांगण्यासारखे काही नाही, असे कोण म्हणेल?

सर्वांत खरी टीका मला माझ्या वर्गात ऐकावयास मिळाली. साडेचार वर्षांच्या एका मुलाने पाटी बाजूला ठेवून विचारले, "बाई, तुमचा एक हात जाडा का?" मी म्हटले, "त्यात पाणी साचतं." त्याने जरा विचार केला. "दुखतो?" मी म्हटले, "जड होतो." तो म्हणाला, "मग डाव्या हाताने चित्र काढा," आणि पुन्हा गिरवू लागला. नऊ वर्षांपूर्वीचे ते पत्र आणि हा मुलगा, दोघांनी एकच गोष्ट विचारली : पुढे कसे करता? माझ्या विद्वान परीक्षकांपैकी ती कोणाला सुचली नाही, आणि मलाही सुचली नव्हती.

त्या पत्रलेखिका बाईंचे उतरत्या ओळींचे, वेडेवाकडे अक्षर आता मला समजते. तशाच ओळी हल्ली माझ्याही येतात. त्यांचा पत्ता मी जपून ठेवला नाही. त्या आज कोठे आहेत, कशा आहेत, मला माहीत नाही. हा अंक त्यांच्या हाती पडला तर त्यांनी हे माझे उशिराचे उत्तर समजावे आणि पहिल्या उत्तराबद्दल मला क्षमा करावी.

प्रकाशकांना मी कळवले आहे की, पणती लावण्याचे प्रकरण आहे तसेच राहू द्यावे. निर्मला घरी आली तो आनंद खोटा नव्हता. खोटे होते ते त्याला शेवट म्हणणे. त्यापुढे एक प्रकरण जोडीत आहे. ते पाडव्याच्या ओवाळणीनंतर सुरू होते. निर्मला डाव्या हातावर जोर देऊन पाटावरून उठते. दुसऱ्या दिवशी पाणी तिचा नवरा भरतो, अर्धे सांडतो, आणि ती त्याला रागावते. अजून शेवट सुचलेला नाही. डाव्या हाताने लिहिते आहे, त्यामुळे वेळ लागतो.